बिनरक्ताचं ऑपरेशन

दवाखाना बंद केला त्याला आता काही वर्षं झाली. तरी आठवडे बाजारात मेथी निवडत उभी असले की कुणीतरी मागून येऊन विचारतंच, "बाई, आमच्या नातीचं टॉन्सिल काढायचंय. लेझरनं करू का साधं?" मेथीची जुडी तशीच हातात राहते. या प्रश्नाचं उत्तर मी नारायणगावात अर्धं आयुष्य दिलं. खुर्चीत बसून दिलं, लग्नाच्या पंगतीत दिलं, एकदा तर मयताच्या घरी ओट्यावर बसून दिलं. खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय. संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहा म्हटलं तेव्हा वाटलं, एकदाच लिहून टाकावं. पुढचा माणूस भेटला की त्याच्या हातात अंक ठेवायचा आणि आपण मेथी घेऊन घरी जायचं.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. नव्वदच्या सुमाराला जुन्नर-आंबेगावात बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची, एवढंच लोकांना ठाऊक होतं. पाटीवर मी कान, नाक आणि उघडं तोंड अशी तीन चित्रं काढून घेतली होती, तरी सुरुवातीला निम्म्या बायका कितवा महिना ते सांगतच आत यायच्या. मी तोंड उघडा म्हटलं की सोबतच्या सासूकडे बघायच्या. एका सासूनं शेवटी मला विचारलंच, "पोट बघायला तोंडातनं बघत्यात व्हय?" हळूहळू लोकांना कळलं. आठवड्यातून एक दिवस मी ओतूरला बसायची, एरवी नारायणगावच्या माझ्या लहानशा दवाखान्यात. तिथंच ऑपरेशनं करायची.

टॉन्सिल म्हणजे घशाच्या दोन बाजूंच्या दोन गाठी. आरशासमोर आ केलं की पडजिभेच्या डाव्या-उजव्या अंगाला दिसतात. त्या सगळ्यांना असतात आणि बहुतेकांच्या काढाव्या लागत नाहीत. हे वाक्य ऐकून कित्येक जण उठून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, कारण ते काढायचं ठरवूनच आलेले असायचे. पण काहींच्या गाठी वर्षातून अनेकदा पिकतात. ताप भरतो, थुंकी गिळवत नाही, पोर शाळेऐवजी अंथरुणात. अशांच्या काढायच्या.

काढायची जुनी रीत साधी आहे. भूल द्यायची, मान मागे टाकायची, जबडा उघडा राहील अशी कडी तोंडात बसवायची. गाठ चिमट्यात धरून वरच्या पातळ पडद्याला चीर द्यायची आणि बोथट हत्यारानं ती खोबणीतून सोडवत न्यायची, हरभऱ्याच्या घाट्यातून दाणा सोडवतात तशी. शेवटी देठ उरतो. त्याला तारेचा फास घालून आवळला की गाठ हातात येते. मग रिकाम्या खोबणीत गॉजचा बोळा दाबून धरायचा. एखादी शीर वाहत राहिली तर दोऱ्यानं बांधायची. यात रक्त येतं. फार नाही, पण येतं.

यानंतर आमच्याकडे आणखी एक काम असायचं, जे पुस्तकात नाही. काढलेल्या गाठी स्टीलच्या वाटीत घालून बाहेर नातेवाइकांना दाखवायच्या. पुण्यात शिकत असताना मी हे कधी केलं नव्हतं. इथं पहिल्याच ऑपरेशननंतर मुलाच्या आजोबांनी मला दारात अडवलं. "काढलं म्हंता, पन दावा की." मी आत जाऊन वाटी आणली. सगळा गोतावळा तिच्यावर वाकला. लाल पाण्यात दोन गाठी. आजीनं तोंडाला पदर लावला, "लई रगत गेलं गं माझ्या लेकराचं," आणि तिथल्या तिथे ठरलं की पोराला उन्हात पाठवायचं नाही, तिखट द्यायचं नाही, आणि शाळेच्या मास्तरांना चुलता सांगून येईल.

इथल्या घरांमध्ये दुखण्याचं माप रक्तावरून घेतात हे मला पुढे कळत गेलं. बैलानं शिंग मारू दे, विळा लागू दे, बाई बाळंत होऊ दे, पहिला प्रश्न एकच: रगत किती गेलं? त्यावरून ठरतं की माणसानं खाटेवर किती राहायचं आणि त्याच्या वाटचं दारं कुणी धरायचं, म्हणजे शेताला पाणी कुणी द्यायचं. रक्त गेलं नसेल तर ऊठ आणि लाग कामाला. मला या मापाची अडचण कधी झाली नाही. उलट वाटी दाखवली की पथ्याचं निम्मं काम परस्पर व्हायचं. घसा बसेपर्यंत ओरडून सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

मग लेझर आलं. आधी वर्तमानपत्रात आलं, मग पुण्यात, मग लोकांच्या तोंडात. मशीन विकत घेणं माझ्यासारखीच्या आवाक्यात नव्हतं. ते महिन्यातून एक दिवस भाड्यानं पुण्याहून व्हॅनमध्ये यायचं, बरोबर ते चालवणारा एक माणूस. आम्ही त्याला लेझरवाले म्हणायचो.

लेझर म्हणजे एका जागी एकवटलेला प्रकाश. लहानपणी भिंगातून ऊन पाडून आपण कागद जाळायचो, तसंच काहीसं काम. हा किरण मांस जाळत कापतो आणि कापताना बारीक शिरांची तोंडं बंद करत जातो, म्हणून रक्त जवळजवळ येत नाही. पहिल्यांदा वापरलं तेव्हा मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू? घशात हात घालून काम करताना समोर सगळं स्वच्छ दिसतंय, हे सुख आमच्या धंद्यात दुर्मीळ. पण त्याचे नखरे फार. खोलीत सगळ्यांनी चष्मे लावायचे, रुग्णाच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, श्वासाच्या नळीभोवती ओलं गॉज, कारण किरण चुकून नळीला लागला तर आतल्या प्राणवायूमुळे ती पेट घेते. शिवाय वीज. तासाभराचं भारनियमन संपून वीज आली की आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि मशीन मान टाकायचं. लेझरवाले हात वर करायचे, "मॅडम, थांबा. तुमच्या गावानं पाणी सोडलं." मग रुग्णाचं तोंड उघडं आणि आम्ही सगळे काळे चष्मे लावून कांद्याला पाणी मिळायची वाट बघत उभे.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. त्यांनी मला किरणाच्या जातीवरून, लांबीवरून इतके प्रश्न विचारले की माझीच परीक्षा झाली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साधंच करा." का म्हणून विचारलं तर म्हणाले, "मॅडम, इथल्या व्होल्टेजवर आम्ही काय भोगतो ते आम्हालाच ठाऊक."

आता तो सारखा विचारला जाणारा प्रश्न. मला दिसलं ते असं. ऑपरेशन चालू असताना लेझरमध्ये रक्त कमी आणि पहिला दिवस सुखाचा. साध्या ऑपरेशनचं पोर पहिल्या दिवशी रडतं आणि मग रोज थोडं थोडं सुधारतं. लेझरचं पोर पहिल्या दिवशी मजेत असतं आणि चार-पाच दिवसांनी कण्हायला लागतं, कारण जळलेली जखम भरायला जास्त वेळ घेते. दोन्हींत घशात पांढरी खपली धरते. आठवड्याच्या आसपास ती सुटते आणि खालची जखम कोवळी असते. त्या वेळी कडक घास लागला, घशावर जोर पडला, तर दोन्हींतही रक्त येऊ शकतं. म्हणजे पथ्य दोघांनाही सारखंच. हे सगळं मी येईल त्याला सांगत होते. नामदेवभाऊंनाही सांगितलं होतं.

नामदेवभाऊ पिंपरी पेंढारचे. घरची शेती, कांदा आणि टोमॅटो. पण दोन्ही तालुक्यांत त्यांना ओळखायचे ते बैलगाड्यांच्या घाटातल्या आवाजामुळे. आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, आणि शर्यत पळते तो उताराचा-चढाचा माळ म्हणजे घाट. एकेका गाड्याच्या पळण्याला बारी म्हणतात. प्रत्येक बारीला गाड्याच्या मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं पुकारायची, बैल सुटले की लोकांच्या अंगावर काटा येईल असं ओरडायचं, हे काम नामदेवभाऊंचं. चैत्रात सुरू झालं की वैशाख संपेपर्यंत आज हे गाव, उद्या ते. कुठल्याही घाटात त्यांनी "झालीऽऽ! झाली, झाली, झाली! भिर्रर्र!" केलं की पलीकडच्या टेकडीवरचा माणूससुद्धा उठून उभा राहायचा. पुकारणारे दुसरेही होते, पण त्यांच्या आवाजात नुसता मोठेपणा होता.

आणि दर वर्षी नेमकं हंगामात त्यांचं टॉन्सिल पिकायचं. एकदा तर गाठीमागे पू झाला, जबडा उघडेना. मी तो पू काढला तेव्हा शेजारी उभी असलेली त्यांची बायको सिंधूताई रडत म्हणाली, "बाई, ह्ये तोंड गेलं तं मानूस गेला." हे फार अतिशयोक्तीचं नव्हतं. घाटात जे नामदेवभाऊ दिसायचे ते एरवी नसत. एरवी बोलायला लाजणारा माणूस.

मी म्हटलं, काढून टाकू या. ते घाबरले.

"आवाज गेला तर?"

"आवाजाची जागा खाली. टॉन्सिल वर. दोन्हींचा संबंध नाही."

"पन सुरी तं गळ्यातच चालणार नव्हं?" त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "किरणानं करत्यात म्हनं. रगतच न्हाई येत. आमच्या पावण्यांनी सांगितलं."

"किरणानं करते. पण जखम व्हायची ती होतेच. आणि तुमच्या बाबतीत मला साधंच बरं वाटतं."

"न्हाई बाई. करायचं तं बिनरगताचं."

पैलवान गडी. डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हटलं. लेझर येण्याचा दिवस ठरला.

त्याच दिवशी माझ्याकडे दुसरं ऑपरेशन होतं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात राहणाऱ्या हौसाबाईंची मुलगी सुमन. वय सातेक वर्षांचं, सारखी घसा धरून बसलेली. लेझर दारात आलंच आहे तर हवं का, म्हणून मी विचारलं. हौसाबाईंनी त्या मशीनकडे बराच वेळ पाहिलं. भात आणि नाचणी पिकवणारी बाई, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "नगं बाई. आमाला दिसंल असं करा." सुमनचं तारेच्या फासानं केलं.

दुपारी दोघं एकाच खोलीत शेजारच्या खाटांवर. सुमन रडत होती, उशाशी तांबडी लाळ. नामदेवभाऊ उठून बसलेले, थंड दूध पिऊन झालेलं, आणि सुमनकडे बघून चुकचुकत होते. "काय हाल केलं पोरीचं. माझं बघा, काय झाल्यावानी वाटतंय का?"

दोन्ही वाट्या मी बाहेर आणल्या. सुमनची वाटी नेहमीसारखी. हौसाबाईंनी ती पाहिली, डोळे मिटले, आणि विचारलं, "आता काय काय द्यायचं न्हाई ते सांगा." नामदेवभाऊंच्या वाटीत दोन काळपट, कोरड्या गाठी. सिंधूताई, त्यांचे दीर, दोन मोठी मुलं, सगळे वाकून पाहत राहिले.

"आन रगत?" दिरानं विचारलं.

"लेझरला जवळजवळ येत नाही."

"मंग काय झालंच न्हाई म्हना की!" आणि सगळे हसले. आनंदानं हसले हो, माणूस सहीसलामत सुटला म्हणून.

मी पथ्य सांगितलं. दोन आठवडे तिखट नाही, कडक भाकरी नाही, जड ओझं नाही, आणि मोठ्यानं बोलणं नाही. नामदेवभाऊंना वेगळं सांगितलं की घाट नाही. त्यांच्या गावची यात्रा आठवड्यावर आली होती.

"बाई, मी हळूच बोलंन. जोर माइक करतोय, मी कुटं करतोय?"

"घाटाकडे फिरकायचंसुद्धा नाही."

"बरं," म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं सांगणं त्यांनी ऐकलं होतं यात शंका नाही. पण त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं एक माप होतं आणि त्या मापावर हे ऑपरेशन शून्य होतं. त्या वाटीपुढे माझे शब्द कुठवर टिकणार होते?

पुढचं मला त्यांच्या माणसांकडून कळलं. दोन-तीन दिवस बरे गेले, मग घसा दुखायला लागला. घरचे म्हणाले, झोपून झोपून दुखतोय. यात्रेच्या दिवशी सकाळी पाहुण्यांबरोबर मासवडी आणि झणझणीत रस्सा, त्यात बाजरीची कडक भाकरी चुरून. मग कुणीतरी म्हणालं, नामदेव नाही तर घाट मुका. ते गेले. सुरुवातीच्या काही बाऱ्या खरोखरच हळू आवाजात पुकारल्या. मग त्यांच्या भावकीतला गाडा जुंपला. त्या बारीला कुठला पुकारणारा हळू बोलेल?

"झालीऽऽ" म्हटलं आणि तोंडातून लाल धार आली, पांढऱ्या सदऱ्यावर. समोर हजारो लोक, भंडारा आणि गुलाल उधळलेला. कुणालाच काही वाटलं नाही, सगळ्यांना तो गुलालच वाटला. खुद्द नामदेवभाऊंनी तोंड पुसलं आणि पुढची बारी पुकारली. पुढच्या बारीला आवाजाऐवजी गुठळी आली. तेव्हा माइक हातातून पडला. त्याचा खडखडाट सगळ्या घाटानं ऐकला म्हणतात.

मी दुपारची तपासणी करत होते. समोर हौसाबाई सुमनला घेऊन बसल्या होत्या. घसा छान भरत होता. वर डोंगरात आइस्क्रीम कुठलं मिळणार, म्हणून त्यांनी नाचणीची आंबील मातीच्या गाडग्यात गार करून आठवडाभर पाजली होती. मी शाबासकी देत होते तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि आरडाओरडा झाला. नामदेवभाऊंना दोघांनी धरून आणलं. अंगभर गुलाल आणि भंडारा, त्यामुळे रक्त किती गेलंय ते कळेना. मी ओठ बघितले. ते पांढरे पडले होते.

घशातून रक्त येत असताना माणूस गिळतो. गिळलेलं रक्त दिसत नाही, आणि थोड्या वेळानं ते सगळं उलटीतून बाहेर येतं. तसंच झालं. बरोबरची गाडेवाली माणसं, बैलाच्या शिंगाला न घाबरणारी, भिंतीला टेकली. आमच्या कमलसिस्टर हाताला सलाइन लावत होत्या, उलटीचं भांडं धरायला दुसरं कुणी नव्हतं. हौसाबाईंनी सुमनला कोपऱ्यात बसवलं, ते भांडं उचललं आणि नामदेवभाऊंच्या हनुवटीखाली धरलं. शेवटपर्यंत धरलं.

लेझर पुण्याला होतं. ते असतं तरी उपयोग नव्हता. अशा वेळी कामाला येतो तो गॉजचा बोळा आणि दोरा. नामदेवभाऊंना खुर्चीत पुढे वाकवून मी घशातली गुठळी काढली, औषधात भिजवलेला बोळा लांब चिमट्यात धरला आणि त्या खोबणीत दाबला. भूल देणारे डॉक्टर मंचरहून निघाले होते. ते येईपर्यंत मला फक्त दाबून धरायचं होतं. घशात असं दाबून धरलं की माणसाला ओकारी येते, जीव घुसमटतो, तो हात झटकतो. नामदेवभाऊंनी झटकला नाही. माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या जवळून कुणी एवढा वेळ माझ्याकडे पाहिलेलं नाही. त्या नजरेत प्रश्न जगण्याचा होता की आवाजाचा, मला अजून ठरवता येत नाही. माझा खांदा भरून आला होता, बोटं बधिर झाली होती आणि मनात मी सारखी एकच गोष्ट म्हणत होते, मंचर काही लांब नाही.

भुलेचे डॉक्टर आले. आत नेलं. कोवळ्या जखमेवर टाका टिकत नाही, चिखलात खुंटी ठोकल्यासारखं होतं. शेवटी खोबणीच्या पुढचा आणि मागचा पडदा एकमेकांना शिवून टाकला, आत बोळा ठेवून. रक्त थांबलं. घाटातली पोरं जीपमध्ये बसून रक्त द्यायला पुण्याकडे निघाली, अंगावरचा गुलाल तसाच. तिकडून पिशवी आली आणि नामदेवभाऊंच्या ओठांवर थोडा रंग आला.

बाहेर येऊन मी बाकावर बसले. हौसाबाई एसटीसाठी निघाल्या होत्या. हात धुऊन आल्या होत्या तरी मनगटावर भंडारा होता. म्हणाल्या, "जायचं रगत आदीच गेलं अस्तं तं बरं व्हतं. मानूस सावध तरी ऱ्हातो." आणि सुमनचा हात धरून गेल्या.

आता गाव काय म्हणालं ते सांगते, म्हणजे मी का दमले ते कळेल. गाव म्हणालं, किरणाचं ऑपरेशन एकदम ब्येस झालं होतं, पण नंतर बाईनं दोऱ्यानं शिवलं आणि घोटाळा झाला. पुढच्याच महिन्यात लेझरसाठी पूर्वीपेक्षा जास्त माणसं आली. मी लेझर बंद केलं नाही. ते वाईट नव्हतंच. ज्याच्या घरचे पथ्य पाळतील त्याचं त्यानं उत्तम व्हायचं. फक्त पथ्य मी आता वाटी दाखवायच्या आधी सांगायला लागले, आणि रुग्णाला नाही, घरातल्या म्हातारीला. त्यानंही सगळं भागायचं नाही. एकच गोष्ट दिवसातून कितीदा सांगायची, त्यालाही काही सीमा असते.

नामदेवभाऊंचा घसा महिन्याभरात स्वच्छ भरला. मी आरसा घालून आवाजाच्या तारा पाहिल्या, त्या चांगल्या होत्या. पुढच्या चैत्रात ते घाटात उभे राहिले. पहिल्या बारीला आवाज चढवला आणि मध्येच थांबले. तोंडात बोट घातलं, बाहेर काढून पाहिलं. बोट कोरडं होतं. पुन्हा आवाज चढवला, पुन्हा थांबून बोट पाहिलं. गर्दीत कुणीतरी हसलं. त्यांनी माइक शेजारच्या माणसाला दिला आणि खाली उतरले. सिंधूताई त्यांना माझ्याकडे घेऊन आली. मी पुन्हा पुन्हा तपासलं. "काहीही नाही, भाऊ. खुशाल ओरडा." ते मान हलवायचे, "व्हय बाई," आणि बाहेर जाताना दारापाशी बोट तोंडात जायचं. त्यावर माझ्याकडे ना फास होता ना किरण. पुढचे कित्येक हंगाम घाटात दुसरेच आवाज होते. मी गाडीतून जाताना लाउडस्पीकर ऐकू आला की काच वर करायची.

बऱ्याच वर्षांनी, माझं काम आवरत आलं होतं तेव्हा, नामदेवभाऊ एका लहान मुलीचा हात धरून आले. नात. तेच दुखणं, घराण्यातून आलेलं. मागे सिंधूताई, सून, मुलगा, दोन चुलत सासवा, सगळं घर. मुलगा पुण्यात नोकरीला. तो म्हणाला, "मॅडम, आता तर लेझर खूप सुधारलंय ना? तेच करू या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नामदेवभाऊंनी हात वर केला. केस पांढरे, आवाज अगदी बारीक.

"बाई, आमाला रगताचं करा."

"अहो आबा..." मुलगा म्हणाला.

"तू गप. रगताचं करा बाई. आन वाटी सगळ्यांना दावा."

साधं केलं, तारेच्या फासानं. माझ्या हातून झालेल्या शेवटच्या काही ऑपरेशनांतलं एक. गाठी वाटीत घातल्या आणि बाहेर आले. नामदेवभाऊंनी वाटी माझ्या हातून घेतली, स्वतः एकेकाच्या नाकासमोर धरली. सून रडायला लागली. पण चुलत सासवांचं आपसात बोलणं चालूच होतं आणि मुलगा फोनवर होता.

नामदेवभाऊंनी वाटी बाकावर ठेवली. छाती भरून घेतली.

"ऐकाऽऽ! पिंपरी पेंढारच्या मंडळींनी ऐका! पोरीला दोन आठवडे तिखट न्हाई! कडक भाकर न्हाई! पळनं न्हाई, वरडनं न्हाई! जो कोनी देईल त्याला घरात जागा न्हाईऽऽ!"

वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. रस्त्यावरचा चहावाला दारात येऊन उभा राहिला. कमलसिस्टर हळू बोला म्हणून सांगायला धावत आल्या आणि तशाच थांबल्या. मीही हलले नाही. ज्या आवाजाच्या आठवणीनं मी इतकी वर्षं गाडीची काच वर करत होते, तो आता माझ्याच व्हरांड्यात, तिखट-भाकरीचं पथ्य पुकारत होता.

संपल्यावर त्यांनी सवयीनं तोंडात बोट घातलं. बाहेर काढून उजेडाकडे धरलं. मग ते बोट माझ्यासमोर केलं.

"कोरडं हाय, बाई."